टी पेशीनं विषाणू ओळखला, पण ती त्याच्यापर्यंत पोचली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करते. माझ्या ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) आहे आणि तिच्या न्यूरोलॉजिस्टनी नॅटालिझुमॅब सुचवलंय. या औषधानं पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत असं ते म्हणाले, पण मेंदूत विषाणूचा संसर्ग होऊ शकतो म्हणून फॉर्मवर सहीही घेणार आहेत. पेशी शाबूत आहेत, विषाणू ओळखतायत, मग संसर्ग का व्हावा? ॲडहेजन मॉलिक्यूलचं (पेशींना चिकटवणाऱ्या आसंजन रेणूंचं) एवढं महत्त्व असतं का? आमच्या वर्गात ते एका तासात उरकले."

आधी माझी बाजू सांगतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरात लॅब चालवतो, आणि इम्युनॉलॉजी हा माझा जुना नाद. औषध घ्यायचं की नाही हे ताई आणि त्यांचे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील, त्यात मी पडत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्या टेबलावरच आहे. नॅटालिझुमॅब चालू असलेल्या पेशंटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आला की लिम्फोसाइट, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बऱ्याचदा वाढलेले दिसतात. मोनोसाइट, इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही वाढतात, आणि कधी कधी केंद्रक असलेल्या लाल पेशीसुद्धा रक्तात सापडतात, ज्या एरवी अस्थिमज्जेबाहेर दिसायला नकोत. मशीन त्यावर खूण करतं. मग नातेवाईक विचारतात, "इन्फेक्शन आहे का?" इन्फेक्शन नसतं. पेशी रक्तात अडकून पडलेल्या असतात, म्हणून आकडा वाढतो. एवढ्यासाठीच ताईंना सांगून ठेवा, कुठल्याही लॅबमध्ये रक्त दिलं तरी फॉर्मवर औषधाचं नाव लिहायचं. ते लिहिलेलं नसलं की रिपोर्ट करणारा भलत्याच दिशेला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की रक्तातला लिम्फोसाइटचा आकडा म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी सुमारे २ टक्केच एका वेळी रक्तात असतात. बाकी सगळे लसिका ग्रंथींत, प्लीहेत, आतड्यात, त्वचेत, फुप्फुसात. रक्त हा त्यांचा रस्ता आहे, कामाची जागा नाही. विषाणू पेशीच्या आत शिरतो, आणि ती पेशी रक्ताबाहेर, ऊतीत बसलेली असते. टी पेशीला, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराला, तिथं जाऊन तिला प्रत्यक्ष चिकटावं लागतं. अँटिबॉडीसारखं लांबून काम भागत नाही. चिकटणं जमलं नाही तर ओळखून काही उपयोग नाही.

आता प्रवास बघा. ज्या टी पेशीला अजून आपला विषाणू भेटलेला नाही, ती लसिका ग्रंथीत शिरते ती तिथल्या खास शिरिकांमधून, म्हणजे बारीक शिरांमधून. या शिरिकांचं अस्तर इतर रक्तवाहिन्यांसारखं चपटं नसून उंच, फुगीर पेशींचं असतं. लिम्फोसाइट याच वाटेनं रक्तातून ग्रंथीत शिरतात आणि लसिकेच्या वाटेनं परत रक्तात येत राहतात, हे गोवन्स आणि नाइट यांनी १९६४ साली दाखवलं. त्याआधी लिम्फोसाइट ही अल्पायुषी, फारशा उपयोगाची नसलेली पेशी असाच बऱ्याच जणांचा समज होता.

शिरायचं कसं? रक्त वेगानं वाहत असतं आणि त्यातून पेशीला भिंतीला टेकायचं असतं. पहिला स्पर्श एल-सिलेक्टिन या रेणूचा. टी पेशीच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म बोटांच्या टोकांवर तो असतो आणि शिरिकेच्या अस्तरावरच्या शर्करांना धरतो. ही धर इतकी कच्ची असते की पेशी थांबत नाही, भिंतीवरून गडगडत जाते. गंमत पुढं आहे. प्रवाह थांबवला तर हे गडगडणंही थांबतं आणि पेशी सुटून जाते. एल-सिलेक्टिनचा बंध एका मर्यादेपर्यंत ओढ वाढली की जास्त टिकतो. बैलाच्या कासऱ्याची गाठ हिसका बसला की आवळते, तसं हे आहे. वर्गात सिलेक्टिनचं नाव आलं असेल, पण ओढ असल्याशिवाय त्याचा बंध नीट धरत नाही हे बहुधा सुटलं असेल. मला तरी या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

गडगडताना पेशीचा वेग कमी होतो आणि तिला अस्तरावर चिकटलेल्या केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनाचा), ग्रंथीत मुख्यतः सीसीएल२१ चा, संदेश मिळतो. टी पेशीवरचा सीसीआर७ हा ग्राहक रेणू तो घेतो आणि पेशीच्या आतून इंटिग्रिनला, म्हणजे घट्ट पकडणाऱ्या रेणूला, हुकूम जातो. टी पेशीचं मुख्य इंटिग्रिन म्हणजे एलएफए-१. विश्रांतीत ते वाकून, मिटून बसलेलं असतं. आतून टॅलिन आणि किंडलिन-३ ही प्रथिनं त्याच्या शेपटीला लागली की ते सरळ उभं राहतं, उघडतं, आणि समोरच्या अस्तरावरच्या आयकॅम-१ या रेणूला धरण्याची त्याची ताकद सुमारे १०,००० पटींपर्यंत वाढते. हे सेकंदाच्या आत होऊ शकतं. पेशी थबकते, भिंतीवर पसरते आणि अस्तरातून आत सरकते. सिलेक्टिन, केमोकाइन, इंटिग्रिन हा क्रम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलाच असेल. त्यातला प्रत्येक टप्पा निवडक असतो, त्यामुळं कुठली पेशी कुठल्या अवयवात उतरणार हे या तिघांच्या जुळणीवर ठरतं. ताईंच्या औषधाचं गणित इथंच सुटतं, पण त्याला थोडं थांबा.

ग्रंथीत आल्यावर टी पेशी मिनिटाला सुमारे १० ते १२ मायक्रोमीटर वेगानं भटकते, डेंड्रायटिक पेशींना (विषाणूचे तुकडे आणून दाखवणाऱ्या पेशींना) हात लावत. एखाद्या ठरावीक विषाणूचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादी, त्यामुळं ही शोधाशोध लागतेच. मेम्पेल, हेन्रिक्सन आणि फॉन आंद्रियन यांनी २००४ साली जिवंत उंदराच्या ग्रंथीत हे प्रत्यक्ष चित्रित केलं. पहिले सुमारे आठ तास टी पेशी डेंड्रायटिक पेशींशी तुटक भेटी घेते, पुढचे सुमारे बारा तास एकीलाच धरून बसते, आणि मग परत मोकळी होऊन विभाजित व्हायला लागते. मधल्या त्या लांब बैठकीत एलएफए-१ आणि आयकॅम-१ यांची जोडी महत्त्वाची. ही बैठक नीट झाली नाही तर टी पेशी वाढतात, पण त्यातून टिकाऊ स्मृती तयार होण्यात कसर राहते.

तयार झालेली मारक टी पेशी एल-सिलेक्टिन कापून टाकते. एडीएएम१७ नावाचं विकर ते पृष्ठभागावरून छाटतं. म्हणजे आता पुन्हा ग्रंथीत शिरायचं नाही. तिच्यावर आता वेगळी जुळणी येते: सीएक्ससीआर३ हा केमोकाइनचा ग्राहक, जास्तीचं एलएफए-१ आणि व्हीएलए-४ हे दुसरं इंटिग्रिन. तिकडं विषाणू असलेल्या ऊतीत इंटरफेरॉन हे धोक्याची सूचना देणारं प्रथिन सुटलेलं असतं, त्यामुळं तिथल्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ उगवतात आणि सीएक्ससीएल९, सीएक्ससीएल१० सारखे केमोकाइन चिकटतात. व्हीएलए-४ व्हीकॅम-१ ला धरतं. आतड्याकडं जाणाऱ्या पेशींवर अल्फा-४ बीटा-७ हे इंटिग्रिन असतं आणि ते आतड्याच्या शिरिकांवरच्या मॅडकॅम-१ ला धरतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून आत शिरायला टी पेशी व्हीएलए-४ वर फार अवलंबून असतात. निरोगी माणसाच्या मेंदूभोवतीच्या द्रवातही थोड्या टी पेशी कायम फिरत असतात, आणि त्यांचं काम असंच येऊन-जाऊन बघत राहण्याचं असतं.

पोचल्यावरचं काम वेगळं. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी कॅनबेरात १९७३-७४ च्या सुमारास एलसीएमव्ही या उंदरांतल्या विषाणूवर काम करताना दाखवलं की मारक टी पेशी विषाणूचा तुकडा पेशीच्या स्वतःच्या एमएचसी रेणूसोबतच (असे तुकडे पृष्ठभागावर मांडणाऱ्या रेणूसोबतच) ओळखते. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. त्यानंतर सगळं लक्ष टी पेशीच्या ओळखणाऱ्या रिसेप्टरकडं, म्हणजे टीसीआरकडं, गेलं, आणि ते साहजिकच होतं. पण टीसीआर आणि एमएचसी-पेप्टाइड यांचा बंध कमजोर असतो, काही सेकंद टिकणारा. नुसत्या त्याच्या जोरावर दोन पेशी एकमेकींना धरून राहू शकत नाहीत.

मग त्या कशाच्या जोरावर धरून राहतात, हे उलगडलं ते वेगळ्याच वाटेनं. टिमथी स्प्रिंगर यांच्या गटानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मारक टी पेशींविरुद्ध मोनोक्लोनल (प्रत्येकी एकाच रेणूला धरणाऱ्या) अँटिबॉडी बनवल्या आणि त्यांतली कुठली अँटिबॉडी घातली की मारणं थांबतं एवढंच तपासलं. १९८२ साली मानवी पेशींवर असे तीन रेणू पुढं आले: एलएफए-१, एलएफए-२ आणि एलएफए-३. एलएफए-२ म्हणजे आजचं सीडी२, एलएफए-३ म्हणजे सीडी५८, आणि हे दोघं एकमेकांना धरतात. यातलं एकही प्रतिजन, म्हणजे विषाणूचा तुकडा, ओळखत नव्हतं, तरी अडवलं की मारणं बंद. एलएफए-१ चा जोडीदार आयकॅम-१ हा १९८६ साली सापडला. आणि १९८९ साली डस्टिन आणि स्प्रिंगर यांनी दाखवलं की टीसीआरला संदेश मिळाला की काही मिनिटांत एलएफए-१ ची पकड घट्ट होते आणि थोड्या वेळानं परत सैल पडते. म्हणजे ओळख पटल्यावरच आवळायचं, आणि काम झालं की सोडायचं.

पुढं १९९८ साली कुप्फर यांच्या गटानं टी पेशी आणि तिच्या जोडीदार पेशीमधल्या सांध्याचं चित्र दाखवलं: मधोमध टीसीआर, भोवती एलएफए-१ चं कडं. याला इम्युनॉलॉजिकल सिनॅप्स म्हणतात. पर्फोरिन आणि ग्रँझाइम (पेशीला भोक पाडून मारणारी प्रथिनं) त्या कड्याच्या आतल्या बाजूला सोडले जातात, त्यामुळं ते शेजारच्या निरोगी पेशींवर न सांडता समोरच्याच पेशीवर पडतात.

पकड सुटण्याबद्दल एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. समोरची पेशी मरायला लागली की टी पेशी सुटते आणि पुढच्या पेशीकडं वळते. पर्फोरिन जन्मतः सदोष असेल तर समोरची पेशी मरत नाही आणि टी पेशी तिला सोडत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात दिसलं की अशी चिकटून राहण्याची वेळ सुमारे पाचपट लांबते, आणि तेवढा वेळ टी पेशी सायटोकाइन (दाह वाढवणारे संदेश-रेणू) ओतत राहते. एचएलएच नावाचा, तापानं आणि फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) अफाट वाढून पेशंटला खचवणारा जो आजार, त्याच्या आनुवंशिक प्रकाराचं हे एक कारण. आपल्याकडं डेंग्यू किंवा ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) झाल्यावर जो एचएलएच दिसतो तो बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो, पण विचार करायला ही दिशा चांगली.

मारण्याचा वेगही काचेच्या भांड्यात दिसतो तेवढा जिवंत शरीरात नसतो. उंदरांमध्ये २०१६ साली मोजलं गेलं तेव्हा एक मारक टी पेशी दिवसाला विषाणूबाधित २ ते १६ पेशींना मारत होती, आणि एकाच पेशीला अनेक टी पेशींनी येऊन हात लावला की ती मरण्याची शक्यता वाढत होती. म्हणजे पुरेशा संख्येनं पोचणं महत्त्वाचं. प्रयोगशाळेत "पेशी काम करतात" असा निष्कर्ष आला तरी ऊतीत त्या किती पोचल्या हा प्रश्न शिल्लक राहतोच.

थोडं विषयांतर करतो. पावसाळ्यात आमच्याकडं डेंग्यूचे स्मिअर (काचपट्टीवर पसरलेले रक्ताचे नमुने) रोज असतात. आजाराच्या पाचव्या-सहाव्या दिवशी रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट दिसायला लागतात: मोठी पेशी, भरपूर निळसर द्रव्य, कडेला निळा रंग गडद, आणि शेजारच्या लाल पेशी जिथं टेकतील तिथं तिची कड आत वळून त्यांना बिलगलेली. ईबीव्हीमध्ये तर हे अगदी ठळक असतं, आणि त्यातल्या बहुतेक पेशी सीडी८, म्हणजे मारक, टी पेशीच असतात. नवीन मुलं हे बघून म्हणतात, "सर, हेच आसंजन." नाही. लाल पेशीला बिलगणं हे मोठ्या, मऊ पेशीचं काचेवर पसरताना होणारं रूप आहे. पण ती पेशी तिथं आहे याचा अर्थ ग्रंथीत बैठक झाली, विभाजन झालं आणि आता ती रस्त्यात आहे, एवढं मात्र स्मिअर सांगतो. कुठं उतरणार ते सांगत नाही.

विषाणू हटल्यावर काही टी पेशी तिथंच मुक्काम ठोकतात. त्वचा, फुप्फुस, आतडं यांच्या आवरणात सीडी१०३ हा इंटिग्रिन आवरणातल्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिन या रेणूला धरून ठेवतो, आणि सीडी४९ए हा चौथ्या प्रकारच्या कोलॅजनला. उंदरांत इन्फ्लुएन्झानंतर फुप्फुसातल्या स्मृतिपेशी टिकून राहायला सीडी४९ए लागतो हे २००४ मध्ये दिसलं. हर्पिस झालेल्या त्वचेतही अशा स्थायिक पेशी सापडतात. तुम्ही इंजेक्शनच्या आणि नाकात मारायच्या फ्लू लसींची तुलना वाचली असेल, त्यातला एक मुद्दा हाच आहे: दंडात टोचलेली लस रक्तात अँटिबॉडी चांगल्या आणते, पण श्वासनलिकेच्या आवरणात मुक्कामी टी पेशी आणण्यात ती कच्ची.

आता उलट बाजू, म्हणजे हे रेणूच नसतील तर काय. नवजात बाळाची नाळ साधारण पहिल्या दोन आठवड्यांत गळते. महिना उलटला तरी नाळ तशीच, बेंबीभोवती लाल, आणि पांढऱ्या पेशी ५०-६० हजार. सूज आहे पण पू नाही. असा स्मिअर समोर आला की न्यूट्रोफिलची (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) ती गर्दी बघून आधी ल्युकेमियाची शंका येते, पण पेशी पक्व असतात आणि जखम कोरडी असते. पू नसणं हीच खूण. पू म्हणजे रक्ताबाहेर पडलेले न्यूट्रोफिल, आणि इथं ते बाहेर पडूच शकत नाहीत. हा एलएडी-१, म्हणजे पांढऱ्या पेशींना नीट चिकटता न येण्याचा जन्मजात आजार: सीडी१८ या सामायिक भागाचं जनुक सदोष, त्यामुळं एलएफए-१ सकट सगळी बीटा-२ इंटिग्रिनं नाहीत. तपासणी फ्लो सायटोमेट्रीनं सीडी१८ आणि सीडी११ बघून होते. आम्ही नमुना पुण्याला किंवा मुंबईला पाठवतो: जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, खोलीच्या तापमानाला, बर्फात न घालता, त्याच रात्रीच्या गाडीनं. बर्फात घातलेला नमुना वाया गेलाच म्हणून समजा. गंभीर प्रकारात उपाय म्हणजे मूलपेशी प्रत्यारोपण.

तुमच्यासारख्या विद्यार्थ्यानं इथं एक प्रश्न विचारायला हवा. एलएफए-१ नसेल तर या मुलांना विषाणूंनीच आधी मारायला हवं. तसं होत नाही. त्यांना छळतात ते मुख्यतः जिवाणू आणि बुरशी. कारण न्यूट्रोफिल बाहेर पडण्यासाठी बीटा-२ इंटिग्रिनवरच मदार ठेवतात, टी पेशीकडं मात्र व्हीएलए-४ सारखी दुसरी वाट असते, आणि सीडी२ असतं. टी पेशींची प्रयोगशाळेतली मारकशक्ती कमी भरते, पण जिवंत शरीरात काम कसंबसं चालतं. म्हणून "एलएफए-१ शिवाय टी पेशी लुळी" असं एखाद्या नोट्समध्ये असेल तर ते खोडा. एकाच्या जागी दुसरा उभा राहतो. मात्र कुठल्या अवयवात, याला मर्यादा आहेत.

एलएडी-२ या दुसऱ्या प्रकाराचा उल्लेख आपल्या भागासाठी करतोच. बॉम्बे रक्तगट (ए आणि बी प्रतिजनांचा पाया असलेलं एच प्रतिजनच नसलेला गट) १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवला. महाराष्ट्र-कर्नाटकात तो तुलनेनं जास्त आढळतो. एलएडी-२ मध्ये फ्युकोज शर्करा पेशीत योग्य जागी नेणारं प्रथिनच सदोष असतं, त्यामुळं सिलेक्टिनला धरायची शर्करा बनत नाही आणि सोबत एच प्रतिजनही बनत नाही, म्हणून या मुलांचा रक्तगट बॉम्बे निघतो. यावरून घरात कुणाचा बॉम्बे गट असेल तर घाबरू नका. नेहमीच्या बॉम्बे गटात वेगळ्याच जनुकात दोष असतो आणि सिलेक्टिनच्या शर्करा व्यवस्थित असतात. त्या मंडळींनी रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावं, बाकी काही करायला नको.

आता ताईंचं औषध. अल्फा-४ इंटिग्रिन अडवलं तर प्राण्यांमधला एमएससारखा आजार थांबतो हे १९९२ मध्ये दिसलं, आणि त्यातून नॅटालिझुमॅब आलं. अल्फा-४ हा व्हीएलए-४ चा अर्धा भाग. अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये मंजुरी, फेब्रुवारी २००५ मध्ये विक्री स्थगित, २००६ मध्ये कडक अटींवर परत. मधे घडलं ते पीएमएल, म्हणजे जेसी विषाणूमुळं होणारा मेंदूचा संसर्ग. जेसी विषाणू निम्म्याहून जास्त प्रौढांच्या शरीरात असतो, बहुधा लहानपणीच येतो आणि मूत्रपिंडात वगैरे निपचित पडून राहतो. मेंदूत तो वाढला तर ऑलिगोडेंड्रोसाइटना, म्हणजे मज्जातंतूंचं आवरण (मायलिन) बनवणाऱ्या पेशींनाच, खातो. व्हीएलए-४ अडवलं की मायलिनवर हल्ला करणाऱ्या टी पेशी मेंदूत शिरत नाहीत, म्हणून एमएस शांत होतो. जेसी विषाणूवर लक्ष ठेवणाऱ्या टी पेशींची वाटही तीच, म्हणून त्याही शिरत नाहीत. औषधाचा गुण आणि धोका एकाच जागी आहे. हे औषध चालू असताना पाठीच्या पाण्यातल्या टी पेशी घटतात आणि त्यातही सीडी४, म्हणजे मदतनीस टी पेशी, जास्त घटतात.

नुसता पहारा उठला म्हणून पीएमएल होतो असंही नाही. व्हीएलए-४ अस्थिमज्जेतल्या मूलपेशींना जागेवर धरून ठेवतं. ते अडवलं की त्या रक्तात सुटतात. केंद्रक असलेल्या लाल पेशी रक्तात दिसतात असं सुरुवातीला म्हटलं, ते यामुळंच. या सुटलेल्या पेशींबरोबर विषाणूही बाहेर येत असावा असं मानणारे बरेच आहेत. मला स्वतःला पहाऱ्याचा मुद्दा जास्त वजनदार वाटतो, कारण दुसऱ्या एका औषधानं तीच कथा पुन्हा घडवली. एफालिझुमॅब हे सोरायसिससाठीचं औषध एलएफए-१ ला अडवायचं. २००३ मध्ये आलं, २००९ मध्ये पीएमएलमुळंच बाजारातून गेलं. रेणू वेगळा, रोग वेगळा, पण विषाणू तोच. उलट व्हेडोलिझुमॅब फक्त अल्फा-४ बीटा-७ ला धरतं, ज्याचा जोडीदार मॅडकॅम-१ मुख्यतः आतड्यात. ते २०१४ पासून आतड्याच्या जळजळीच्या आजारांत वापरात आहे आणि त्यात पीएमएलचा तसा धोका दिसलेला नाही. पाठीच्या पाण्यातल्या टी पेशींचं गुणोत्तरही त्यानं बदलत नाही. माझ्या मते पेशीच्या पत्त्याची जुळणी किती काटेकोर असते याचा याहून चांगला पुरावा नाही.

विषाणूंनीही हे सगळं हेरलेलं आहे. सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूंपैकी बहुसंख्य प्रकार पेशीत शिरायला आयकॅम-१ चाच वापर करतात. हे १९८९ मध्ये उघड झालं. संसर्गानं आयकॅम-१ वाढतो, म्हणजे टी पेशीला धरायला जागा वाढते आणि विषाणूला शिरायलाही. मानवी सायटोमेगॅलोविषाणू आपल्या यूएल१४८ प्रथिनानं पेशीवरचं सीडी५८ दाबून टाकतो, मग टी पेशीची पकड घसरते. एचआयव्ही एका टी पेशीतून दुसरीत जाताना याच एलएफए-१ आणि आयकॅम-१ च्या सांध्याचा फायदा घेतो. यादी लांब आहे, इथं एवढी पुरे.

दोन रोजच्या गोष्टी. ताप: उंदरांवरच्या प्रयोगांत ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १०१ च्या थोडं वर गेलं की टी पेशींतलं एचएसपी९० हे प्रथिन अल्फा-४ इंटिग्रिनला जाऊन लागतं आणि त्यांची चिकटण्याची ताकद वाढते, असं २०१९ मध्ये दिसलं. यावरून तापाचं औषध देऊ नका असा अर्थ काढू नका. लहान मूल, गरोदर बाई, झटके येणारा पेशंट यांचा ताप उतरवायलाच हवा. पण ९९ वर पॅरासिटामॉलची गोळी कशाला, हा प्रश्न मी घरी विचारतो.

दुसरी गोष्ट स्टेरॉइड. डेक्सामेथासोननं अस्तरावरचे आसंजन रेणू कमी होतात, भिंतीला टेकलेले न्यूट्रोफिल सुटून रक्तात येतात आणि सीबीसीत आकडा वाढतो. गावाकडं तापाला "सुई" मारून घेतात, त्यात कधी कधी हेच असतं. मग आकडा बघून वर अँटिबायोटिक सुरू होतं. कोविडमध्ये २०२० च्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरच्या पेशंटांचे मृत्यू घटले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. सुरुवातीला विषाणू वाढत असताना टी पेशींना पोचू द्यायचं असतं. नंतर फुप्फुसात झालेली गर्दी आवरायची असते. औषध एकच, पण वेळेनं अर्थ बदलतो.

ताईंसाठी थोडं व्यवहाराचं. औषध सुरू करण्याआधी जेसी विषाणूच्या अँटिबॉडीची तपासणी आणि तिचा इंडेक्स (अँटिबॉडी किती आहे याचा आकडा) मागा. निगेटिव्ह असेल तर धोका फार कमी, पण ठरावीक काळानं ती परत करावी लागते, कारण निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होऊ शकतं. पॉझिटिव्ह असून इंडेक्स जास्त, आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतलेली, आणि हे औषध दोन वर्षांपेक्षा जास्त चाललेलं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका खऱ्या अर्थानं वाढतो. ४ आठवड्यांऐवजी ६ आठवड्यांनी डोस देण्याबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारा. त्यानं धोका कमी होताना दिसलाय. हर्पिस आणि कांजिण्यांच्या विषाणूमुळं मेंदूदाह झाल्याच्या नोंदीही या औषधावर आहेत, म्हणून डोकेदुखीसह ताप आणि गोंधळलेपण असेल तर थांबायचं नाही. पीएमएल मात्र ताप न येता, दिवस-आठवड्यांत हळूहळू वाढतो: बोलणं बदलणं, एका बाजूचं न दिसणं, स्वभावात फरक, हात-पाय जड होणं. एमएसचा नवा झटका समजून घरी बसू नका.

आणि घाबरून औषध स्वतःहून बंद करू नका. अडवलेल्या टी पेशी मोकळ्या झाल्या की एकदम मेंदूत शिरतात आणि काही पेशंटांत तीन ते सहा महिन्यांत एमएस उसळून येतो. बंद करायचंच असेल तर पुढचं औषध कधी सुरू होणार हे ठरवून मगच. एमआरआय वरचेवर होतील, आणि नवा डाग पीएमएलचा की एमएसचा हे ठरवताना रेडिओलॉजिस्टला मागच्या सगळ्या फिल्म लागतात. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. प्रत्येक वेळी मिळणारी एमआरआयची सीडी तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा, आणि पुण्या-मुंबईला दाखवायला गेलात तर फाइल सोबत न्या.